चाकं खाली येईनात? आधी बल्ब बघा

चाकं आत-बाहेर होणारं छोटं विमान घेऊन चिकलठाणा विमानतळावर उतरायलात अन् चाकं खाली येऊन लॉक झाली हे सांगणाऱ्या तीन हिरव्या लाईटांतला एक लागंना, तर पहिलं काम म्हणजे लँडिंग सोडा. गो-अराउंड करा, म्हणजे न टेकता परत वर जा, टॉवरला सांगा, बाजूला जाऊन चकरा मारा. टाकीत फ्युएल आहे तोवर घाई कसली?

आता संशय आधी लाईटवर घ्या, चाकावर नंतर. आपल्याकडं मे महिन्यात दुपारचं ऊन असं असतं की लागलेला लाईटपण दिसत नाही, हाताचा आडोसा करून बघा. पायपर कंपनीच्या बऱ्याच विमानांत नॅव्हिगेशन लाईट चालू केले की चाकांचे (गिअरचे) लाईट आपोआप मंद होतात, रात्री ठीकय पण दिवसा विझल्यासारखेच दिसतात, तो स्विच बंद करून बघा. तरीही नाही तर शेजारचा चालू बल्ब काढून तिथं लावा. मग सर्किट ब्रेकर, उडाला असंल तर एकदाच दाबा, परत उडाला तर नाद सोडा.

चाकं खरंच अडकली असली तर मॅन्युअलमधलं इमर्जन्सीचं पान काढा, प्रत्येक विमानाचं वेगळंय. पायपर ॲरोत लिव्हर दाबला की हायड्रॉलिक प्रेशर सुटून चाकं वजनानंच खाली येतात, बोनान्झात पुढच्या सीटमागं हँडल असतं, साधारण ५० फेरे उलटे फिरवायचे, सेसना १७२ आरजीला हातपंप, डिट्टो आपला हापसा, जड लागेपर्यंत मारायचा. स्पीड कमी ठेवा. अन् हापसायच्या नादात विमान कोण उडवायलंय ते विसरू नका राव, शेजारी कुणी असंल तर पंप त्याच्याकडं द्या.

तरीही नाहीच आली तर पोटावर उतरायचं. मऊ म्हणून काळ्या रानात उतरू असं डोक्यात आणूच नका, ढेकळात नाक रुततं अन् विमान उलटतं. डांबरी धावपट्टीच बरी, ठिणग्या उडतात पण सरळ घसरत जातं. चिकलठाणा नाहीतर नांदेड, जिथं फायरची गाडी तयार आहे तिथं जा. बेल्ट आवळा, सुट्ट्या बॅगा बांधा, टेकायच्या आधी दार थोडं उघडून ठेवा नाहीतर नंतर जाम होतं. प्रोपेलर वाचवायला लांबूनच इंजिन बंद करायचा शहाणपणा नको, धावपट्टी पक्की हातात आल्यावरच मिक्स्चर (इंजिन बंद करायचा दांडा), फ्युएल अन् मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद. थांबलं की सगळे लांब पळा, अन् परवानगी मिळेस्तोवर विमान हलवू नका.