आईची कळ आणि हिंदीतला कल

मेलबर्नला नवीन आलेली मंडळी मला घराचं, शाळेचं, किराण्याचं विचारतात. भाषेचं कुणी विचारत नाही, कारण इंग्रजी आपल्याला येतं. पण ते आपल्या आईला येत नाही आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मदाखल्यालाही येत नाही.

बोललेलं सांगतो तो दुभाषी, कागद उतरवतो तो भाषांतरकार. इथे दोघांनाही 'नाटी' ही संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, पण ती प्रमाणपत्रं वेगवेगळी. (पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या व्हिसाच्या, पाच गुणांसाठी आपण देतो ती सीसीएल ही भाषेची परीक्षा तिसरीच. ती पास झालेला मित्र म्हणजे दुभाषी नव्हे, हे त्याला कोणी तरी सांगा.)

दुभाष्यासाठी टिस नॅशनल या सरकारी दुभाषी सेवेचा १३१ ४५० हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा; चोवीस तास चालू असतो. डॉक्टरांची वेळ घेतानाच 'मराठी दुभाषी हवा' म्हणून सांगा. मी एकदा 'हिंदी चालेल' म्हणालो होतो. डॉक्टरांच्या टेबलावर फोन स्पीकरवर. आई म्हणाली, "पोटात कळ येते." पलीकडून इंग्रजीत आलं की काल पोट दुखत होतं. डॉक्टर खूश, म्हणजे आज बरं आहे! मी शेजारी होतो म्हणून निभावलं. मराठीचे दुभाषी हिंदीपेक्षा कमी, म्हणून आधी सांगितलेलं बरं.

'मग आपणच सांगू की' असं वाटतं. सांगू नका. मुलासमोर, नातीसमोर आई मूळव्याधीचं नाव काढत नाही, 'जरा गॅसेस' म्हणते. दुभाषी परका असतो आणि ऐकलेलं बाहेर न सांगण्याचं बंधन त्याच्यावर असतं. तो 'त्यांना दुखतंय' न म्हणता 'मला दुखतंय' असंच बोलतो, दचकू नका. आणि औषध घ्यावं की नाही हे त्याला विचारू नका. तो सांगणार नाही.

आता कागद. व्हिसा मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत, पीआर आणि काही ठरावीक तात्पुरत्या व्हिसांवर, सरकार १० कागदांपर्यंत भाषांतर फुकट करून देतं. ही मुदत विमानातून उतरल्यापासून नाही, व्हिसाच्या तारखेपासून मोजतात. अनेकांची मुदत या घोळातच निघून जाते. पैसे देऊन करायचं असेल तर नाटीच्या यादीत भाषांतरकार शोधा आणि शिक्क्यावर त्याचा क्रमांक आहे ना ते बघा. दाखल्यासोबत पासपोर्टच्या पानाची प्रतही द्या. नाही तर 'श्रीधर'चं स्पेलिंग तो त्याच्या मनाने करेल, आणि पासपोर्टवरचा श्रीधर आणि दाखल्यावरचा श्रीधर एकच, हे पुढे तुम्हाला पटवत बसावं लागेल. गोल शिक्क्यातली पुसट अक्षरंही उतरवावी लागतात, तेव्हा स्कॅन स्वच्छ करा.