पापनिवेदनाला जाताना 'पण' घरी ठेवा

मी वसईच्या पाचूबंदरातली. बोंबील सुकवायचे आणि विकायचे, सगळी हयात यातच गेली. पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करून देवाची क्षमा मागणं, कसं करायचं ते लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या) तयारीत शिकवलं होतं. जमलं मात्र पन्नाशीनंतर.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. आदल्या दिवशी दुपारीच आभाळ भरून आलं. माझी आणि जावेची वलांडी, म्हणजे बोंबील सुकवायची बांबूची मांडणी, लागून आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूवर टाकतात, त्यामुळे काढतानाही एकेक जोडी हाताने उचलावी लागते. माझ्या सगळ्या जोड्या मी काढल्या. जाऊ दवाखान्यात होती, दिराला कोरोना झाला होता. तिच्या बांबूला मी हात लावला नाही. वेळ होता. अबोला होता, म्हणून नाही लावला.

तेव्हा चर्च बंद होतं, उघडलं ७ ऑक्टोबरला. फादर भेटत नसतील तर देवाशी थेट बोला, मनापासून पश्चात्ताप करा आणि पुढे जमेल तेव्हा पापनिवेदनाला जा, असं पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या मार्चमध्येच सांगितलं होतं. म्हणजे मला थांबायचं काही कारण नव्हतं. मी थांबले, कारण ते सोयीचं होतं.

आता कृती. आदल्या रात्री, जेवणं आटोपल्यावर, दहा मिनिटं एकटीने बसा. आपण काय केलं ते पटकन आठवतं. काय करायचं टाळलं ते आठवत नाही, तेच शोधा. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, सुरुवातीला विचार, शब्द आणि कृती यांच्यासोबत कर्तव्यात केलेली कसूरही आपण कबूल करतो, ती उगाच नाही. मग पाप एका वाक्यात म्हणून बघा. वाक्यात 'पण', 'कारण' किंवा दुसऱ्या कोणाचं नाव आलं की पुन्हा म्हणा. बायबलमधल्या दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली होती. नाथान संदेष्ट्याने त्याला श्रीमंताने हिरावलेल्या गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली, तेव्हा दावीद त्या श्रीमंतावर केवढा भडकला! तो माणूस तूच, हे नाथानाला सांगावं लागलं. दावीदाच्या पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ त्यानंतरचं. त्या रात्री तेच वाचा, सावकाश.

रांग टाळायची असेल तर पवित्र आठवड्याची, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याची, वाट बघू नका. वर्षातून एकदा तरी जायचा नियम चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून आहे, म्हणून सगळे तेव्हाच उगवतात. आत गेल्यावर क्रुसाची खूण करा, मागचं पापनिवेदन कधी झालं ते सांगा, मग पापं. गंभीर पाप कोणतं आणि किती वेळा, दोन्ही सांगायचं. ऐकलेलं फादर कुठेही बोलू शकत नाहीत, अगदी कोर्टातही नाही. गावात फादर ओळखीचे असतात म्हणून लाजून शेजारच्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, जाणारे आहेत. जा की, त्यात काही वावगं नाही.

मी गेले आणि सुरू केलं, "जाऊ माझ्याशी नीट वागत नाही…" फादरांनी थांबवलं. "जावेचं ती सांगेल. तुमचं काय?" मग बराच वेळ माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, "पाऊस येताना दिसला आणि मी तिचे बोंबील भिजू दिले." एवढंच. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात १८ व्या अध्यायातला जकातदार तरी किती बोलतो? दूर उभा राहतो, छाती बडवतो, देवा, मज पाप्यावर दया कर म्हणतो.

क्षमा मिळते ती तिथेच. फादरांनी दिलेली प्रार्थना बाहेर बाकावर बसूनच म्हणा, घरी गेलात की राहते. नुकसान भरून देणं मात्र वेगळं आणि जड. मत्तयच्या शुभवर्तमानात ५ व्या अध्यायात येशू सांगतो, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. लूकमधलाच दुसरा जकातदार जक्कय फसवून घेतलेलं चौपट परत द्यायला तयार झाला. मी आपली एकपटीचीच तयारी करून गेले.

जाऊ ओट्यावर मांदेली साफ करत होती. मी सांगितलं. तिने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "किती होते?"

"सहा शेकडे."

"आठ."

मला सहाच आठवत होते. तोंडावर आलेला 'पण' गिळला. दुसऱ्या दिवशी आठ शेकडे सुके बोंबील टोपलीत भरून नेले. तिने ओट्यावर ओतले आणि माझ्यासमोर मोजायला बसली.