टीव्ही आपोआप चालू-बंद होत असेल तर

टीव्ही मध्यरात्री आपोआप सुरू होत असेल किंवा आवाज स्वतःहून वाढत असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी रिमोटमधले सेल काढून तासभर वाट पाहावी. त्रास थांबल्यास दोष बहुधा रिमोटच्या दबून राहिलेल्या बटणात असतो. तरीही आवाज वाढतच राहिला, तर टीव्हीच्या खालचे किंवा मागचे बटण तपासावे. मुंबईच्या पावसाळ्यात, विशेषतः समुद्राजवळच्या घरांत, दमट खारी हवा या बटणांच्या आतल्या धातूवर गंज चढवू शकते आणि मग कोणी हात न लावताही बटण दाबल्याचा संकेत जातो; म्हणून ओल धरणाऱ्या भिंतीवर टीव्ही लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय केबलने जोडलेला असेल, तर तो सुरू होताच ‘सीईसी’ या सोयीमुळे टीव्हीही सुरू होऊ शकतो. सेटिंग्जमध्ये ती सोय बंद करावी. सॅमसंगमध्ये तिचे नाव ‘एनीनेट प्लस’, तर एलजीमध्ये ‘सिंपलिंक’ असे आहे.

अनोळखी व्हिडिओ दिसू लागल्यास वाय-फायचा पासवर्ड बदलावा, कारण तो शेजाऱ्यांना दिलेला असेल, तर त्यांच्या फोनवरूनही आपल्या टीव्हीवर व्हिडिओ लावता येतो. एवढ्यानेही भागले नाही, तर प्लग काढून ५ मिनिटांनी पुन्हा लावावा आणि सॉफ्टवेअर अपडेट करावे. फॅक्टरी रीसेटने सर्व अ‍ॅप व खाती पुसली जातात, त्यामुळे तो उपाय अगदी अखेरीस करावा.