'बार्बर ऑफ सेविल'चं जुनं स्टुडिओ रेकॉर्डिंग कसं पारखायचं

कुणी विचारलं की रोसिनीच्या 'बार्बर' या विनोदी ऑपेराचा कुठला जुना सेट, म्हणजे अख्ख्या ऑपेराचं रेकॉर्डिंग, घेऊ, की सल्ला ठरलेला, "'उना वोचे पोको फा' लाव, जिचा वरचा सूर कडक ती घे." ते नायिका रोझिनाचं गाणं. या सल्ल्यापायी मी दोन सेट घेऊन बसलोय, दोन्हींवर धूळ आहे.

ओव्हर्चरवरून, म्हणजे सुरुवातीच्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यावरून, काही ठरवू नका. रोसिनीने ते १८१३ च्या 'ऑरेलियानो इन पाल्मिरा'तून उचललंय, या गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही आणि ते सगळेच बरं वाजवतात.

'उना वोचे' ऐका, पण वरच्या सुरासाठी नको. रोझिना मुळात खालच्या, भरीव आवाजासाठी लिहिलीय, सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या बायका ते गाणं अर्धी पट्टी वर चढवून घेतात. चढवलं म्हणून वाईट असं नाही, फक्त ती पोरगी बेरकी वाटतेय की नुसती गोड, एवढं बघा.

आता खरी परीक्षा, म्हणजे रेसिटाटिव्ह. नुसत्या हार्पसिकॉर्डच्या साथीवर अर्धं बोलत अर्धं गात जे संवाद चालतात ते. मी चार-पाच वर्षं ते आले की सरळ पुढचा ट्रॅक दाबायचो आणि वर लोकांना सांगत फिरायचो की या ऑपेरात हसण्यासारखं काय आहे कळत नाही! अहो, हसायचं सगळं तिथेच आहे. शेवटी एका रविवारी शब्दांची पुस्तिका मांडीवर घेऊन बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

लावायचा तो पहिल्या अंकातला तुकडा, रोझिनाचा म्हातारा पालक बार्तोलो याच्या 'आ उन दोत्तोर' या गाण्याच्या जरा आधीचा. रोझिनाने प्रियकराला चोरून चिठ्ठी लिहिली या संशयाने म्हातारा तिची उलटतपासणी घेतोय. बोटाला शाई कशी लागली? भाजलं होतं, औषध म्हणून लावली. कागद सहा होते, पाच कसे राहिले? एकात मार्चेलिनाला मिठाई बांधून पाठवली. मग लेखणीला टोक कुणी काढलं? इथे रोझिना मनातल्या मनात एक शिवी हासडते आणि म्हणते, भरतकामासाठी फूल काढायचं होतं. थापा तीन, आणि तिन्ही एकाच सुरात आल्या तर तो सेट परत ठेवा. पहिली झटकन यायला हवी, दुसरी जरा लाडात, तिसरीच्या आधी अर्ध्या श्वासाची फट पडायला हवी. स्टुडिओत समोर माणसं नसतात, असतो माइक आणि हातात कागद, त्यामुळे भले भले गायक इथे बातम्या वाचल्यासारखे वाचतात. सूर चोख, नाटक शून्य. हार्पसिकॉर्डवालाही ऐका, तो मधे टोमणा मारतो की नुसता पट्टी देऊन गप्प बसतो.

या परीक्षेत माझ्या मते १९५७ चा लंडनचा सेट पहिला येतो, गॅलिएरा कंडक्टर, मारिया कॅलास रोझिना आणि टीटो गोब्बी फिगारो, म्हणजे तो न्हावी. तपासणीच्या आधीच्या द्वंद्वगीतात फिगारो रोझिनाला म्हणतो, प्रियकराला दोन ओळींची चिठ्ठी लिही, आणि ती आढेवेढे घेत लिहून तयार असलेली चिठ्ठीच काढून देते. मग गोब्बीचा फिगारो "अरे, मी हिला शिकवायला निघालो होतो!" अशा अर्थाची ओळ टाकतो, तेव्हा त्याचा पडलेला चेहरा मला स्पीकरमधून दिसतो.

क्रेशेंडोसाठी, म्हणजे आवाज हळूहळू चढत कसा जातो ते बघायला, 'ला कालुन्निया' हे अफवेवरचं गाणं लावा. पहिल्या ओळीला आवाज नीट ऐकू येईल एवढा ठेवा आणि मग बटणाला हात लावू नका. अफवा कुजबुजीतून सुरू होऊन तोफेपर्यंत जाते, जर तिसऱ्याच ओळीला सगळे मोठ्याने वाजवायला लागले तर पुढे चढायला जागाच उरत नाही. इथे कंडक्टर अब्बादोचा १९७१ चा सेट भारी, ऑर्केस्ट्रा अगदी हलका.

काउंटचं, म्हणजे रोझिनाच्या प्रियकराचं, शेवटचं मोठं गाणं नाही म्हणून लोक सेट नाकारतात, तसं करू नका. जुन्या सेट्समधे ते बहुतेक कापलेलंच असतं, अब्बादोतही नाही. हवंच असेल तर कंडक्टर लाइन्सडॉर्फच्या १९५८ च्या सेटमधे चेझारे वालेत्ती ते गायलाय.

बाकी बार्तोलो बघताना तो भरभर गातो का एवढंच नका बघू, भरभर गाताना त्याचं डोकं फिरलंय हे कळतं का ते बघा. अब्बादोकडचा एन्झो दारा ऐका, मी तो सेट दुसऱ्यांदा घेतला तो निव्वळ याच्यासाठी, पहिला एकाने नेला तो परत दिलाच नाही.