पुठ्ठा, माती, बुरशी: हातांनी बांधून वास्तुकला शिकवताना या चुका टाळा

विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्याच्या नळ्यांची कमान संध्याकाळी उभी केली, फोटो काढले आणि सगळे घरी गेले. रात्री दव पडलं. सकाळी कमान एका अंगाला कलंडलेली. एकही नळी मधे मोडली नव्हती, पण जमिनीला टेकलेली टोकं भिजून त्यांचे पापुद्रे सुटले होते. बोट दाबलं की आत जायचं. चूक विद्यार्थ्यांची नव्हती, माझी होती. दोन आठवडे मी त्यांच्याकडून आकार घोटून घेतला. नळीचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून बघा, एवढं काही सांगितलं नाही.

आधी आकार आणि मग साहित्य, ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. संगणकावर छानसा वक्र काढायचा आणि शेवटी विचारायचं, ‘हा बांबूत करू की पुठ्ठ्यात?’ आता पहिला आठवडा मी कागद-पेन्सिल बंदच ठेवतो. प्रत्येक गटाला एक साहित्य, आणि काम एकच: ते मोडायचं. नळी दोन स्टुलांवर आडवी ठेवा, मध्यावर बादली टांगा, एकेक लिटर पाणी ओतत जा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे काट्याची गरज नाही. दर लिटरला नळी किती वाकली ते लिहा. मग दुसरी नळी घ्या आणि पहिली जितक्या भाराला मोडली त्याच्या निम्म्या भारावर बादली रात्रभर तशीच टांगलेली ठेवा. पुठ्ठा कायमच्या भाराखाली तासागणिक थोडा थोडा वाकत राहतो, हे पाच मिनिटांच्या चाचणीत कधीच दिसत नाही.

दुसरी चूक उदाहरणं दाखवताना होते. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून बांधलेल्या २०१३ च्या कॅथेड्रलचा फोटो दाखवून ‘बघा, कागद टिकतो’ म्हणणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं. तिथे नळ्यांवर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे टणक प्लास्टिकचं, छप्पर आहे, नळ्यांच्या आत लाकडी तुळया आहेत. पुठ्ठा नेमकं काय पेलतो आणि त्याला पाण्यापासून कोण वाचवतं, हे आधी विचारा. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या रुरल स्टुडिओने, म्हणजे विद्यार्थ्यांकडून खरी घरं बांधून घेणाऱ्या तिथल्या वास्तुकलेच्या उपक्रमाने, ७२,००० कार्पेट टाइल्स (गालिच्याचे चौकोनी तुकडे) एकावर एक रचून घराच्या भिंती उभ्या केल्या. तिथेही टाइल्सपेक्षा त्यांना वरून दाबून धरणारी जड लाकडी तुळई जास्त शिकवून जाते.

मातीच्या विटांना तडे गेले की मुलं लगेच सिमेंट मागतात. थांबा. चिकणमाती जास्त झाली असेल किंवा विटा उन्हात घाईने सुकल्या असतील. बरणीत माती आणि पाणी घालून हलवा, दिवसभर राहू द्या. वाळू तळाशी, गाळ मधे, चिकणमाती वर बसते. वरचा थर जाड दिसला तर वाळू किंवा चिरलेला पेंढा घाला, विटा सावलीत सुकवा आणि मधूनमधून उलटा. वीट कोपऱ्यांतून भुगा होत असेल तर उलटं दुखणं आहे, चिकणमाती कमी पडली.

बांबूत थेट खिळा ठोकू नका, उभा चिरतो. ड्रिलने भोक पाडा, बोल्ट गाठीजवळ घ्या.

साच्यातल्या भुशात बुरशी वाढवली की तिचे तंतू भुसा बांधून ठेवतात आणि वीट तयार होते. अशा विटांवर हिरवे ठिपके आले तर ती आपली बुरशी नाही, पाहुणी आहे. भुसा वाफवला नव्हता किंवा साचा नीट पुसला नव्हता. पिशवी न उघडता टाकून द्या. वर्गात उघडलीत तर बीजाणू सगळीकडे पसरतील. वाढ पूर्ण झाल्यावर वीट ओव्हनमध्ये कोरडी करायला विसरू नका, नाहीतर ओल मिळाली की ती पुन्हा वाढायला लागते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंस्थेच्या अंगणात अशा सुमारे १०,००० विटांचा ‘हाय-फाय’ हा मनोरा उभा राहिला होता, त्यामुळे मुलांना हे सोपं वाटतं. खरं तर वीट वाढवण्यापेक्षा ती स्वच्छ राखणंच कठीण.

संशोधनात मात्र एक खोड सगळ्यांनाच असते: उभं राहिलेलं मॉडेल जपायचं, मोडलेलं फेकायचं. शिवाय एकच नमुना मोडून निष्कर्ष काढायचा. निदान तीन मोडा, आणि प्रत्येकाच्या तुकड्यावर तारीख, मिश्रणाचं प्रमाण, सुकवण्याचे दिवस लिहून चिकटपट्टी लावा. माझ्या त्या कमानीची टोकं अजून फडताळात आहेत. नव्या वर्गाच्या हातात पहिल्या दिवशी तीच देतो, आणि मग बादली.