उंचावर घड्याळातला श्वासाचा आकडा बघताय? मग या चुका टाळा

रात्रीचे दोन वाजलेले, कॅम्प साधारण ४२०० मीटरवर, आणि तंबूत शेजारी झोपलेला मित्र श्वासच घेत नव्हता. मी कोपरावर उठलो, मनात आकडे मोजतोय, आठ, नऊ, दहा, आता हलवतोच म्हणेपर्यंत त्याने एकदम मोठा श्वास ओढला, मग तीन-चार भराभर आणि परत शांत. माझी झोप उडाली ती उडालीच. सकाळी त्याच्या घड्याळात बघितलं तर रात्रीची सरासरी मिनिटाला १५ श्वास, म्हणजे एकदम नॉर्मल.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, सरासरी बघून निर्धास्त होणं. उंचावर झोपेत असं थांबून थांबून श्वास घेणं खूप जणांना होतं, त्याला पीरियॉडिक ब्रीदिंग म्हणतात. ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून शरीर जोरात श्वास घेतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो, मग मेंदूला वाटतं आता श्वासाची घाई नाही, थोडा वेळ सगळं बंद, ऑक्सिजन उतरला की परत सुरू. असा एक फेरा साधारण २० ते ३० सेकंदांचा. आता थोडा वेळ भराभर आणि थोडा वेळ शून्य याची सरासरी काढली तर ती १५ येईल नाहीतर काय! हे झालं म्हणजे लगेच आजार असं नाही, पण झोपेचं खोबरं होतं. दारू किंवा झोपेची गोळी मात्र अशा रात्री नकोच, श्वास अजून मंदावू शकतो.

दुसरं म्हणजे घड्याळ श्वास मोजतं हा समजच चुकीचा आहे. बहुतेक बँड हिरव्या लाइटने नाडी बघतात, श्वास आत घेताना ठोके जरा जलद होतात आणि सोडताना जरा हळू, त्या लाटेवरून ते अंदाज बांधतात (ॲपल वॉच झोपेत ॲक्सेलरोमीटर म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर वापरतं, तो प्रकार वेगळा). उंचावर आधीच ठोके वाढलेले, त्यामुळे ती लाट बारीक होते आणि अंदाज घसरतो. त्यात थंडी, हातातल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, सेन्सरला नीट सिग्नलच मिळत नाही. म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर, सरकणार नाही इतपत घट्ट, आणि हात स्लीपिंग बॅगच्या आत. मी एकाला थर्मलच्या बाहीवरून घड्याळ बांधून झोपलेला बघितलाय आणि वर तोच विचारत होता की रीडिंग का येत नाही.

रीडिंग गायब असेल तर आधी बॅटरी बघा. थंडीत ती झपकन उतरते, घड्याळ पॉवर सेव्हिंगमध्ये जातं आणि रात्रीचे सेन्सर गुपचूप बंद होतात.

घरचा आकडा माहीत नसताना वरचा आकडा बघून घाबरणं हा अजून एक प्रकार. मोठ्या माणसाचा आरामातला दर मिनिटाला १२ ते २०, पण तुमचा स्वतःचा किती ते निघायच्या आधी दोन आठवडे रात्री घड्याळ घालून बघा. घरी १३ असेल आणि वर १६-१७ झाला तर शरीर त्याचं काम करतंय. उलटही होतं, आकडा हलतच नाही, कारण सुरुवातीला शरीर बऱ्याचदा श्वासांची संख्या नाही तर खोली वाढवतं आणि खोली काही घड्याळाला दिसत नाही. डॉक्टरांनी डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) दिली असेल तर ती श्वास वाढवतेच, तेव्हा गोळीनंतर दर थोडा चढला म्हणून दचकू नका.

आणि ही चूक जिवावर बेतू शकते: घड्याळ म्हणतंय ठीक, चला वर. उंचीचा त्रास ओळखायला जो लेक लुईस स्कोअर वापरतात त्यात डोकेदुखी, मळमळ-उलटी, थकवा आणि चक्कर एवढंच विचारतात, घड्याळ कुठेच नाही. २०१८ मध्ये तर त्यातून झोपेचा प्रश्नही काढून टाकला. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला येतोय, काल आरामात चालणारा आज चार पावलांवर थांबतोय, तर फुप्फुसात पाणी होत असू शकतं, हे बहुतेक वर पोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतं. तेव्हा सिंक वगैरे करत बसू नका, ताबडतोब खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

शंका असेल तर हाताने मोजा. दहा मिनिटं शांत बसवा, पूर्ण ६० सेकंद छाती बघा, वर जाऊन खाली आली की एक. समोरच्याला सांगू नका, श्वास मोजतोय कळलं की तो बदलतोच, नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं. मित्राचे मी त्याच सकाळी असे मोजले तर १९ भरले. तो म्हणाला, "मग घड्याळात १५ का?" अरे, ते तुझ्या झोपेतले आणि हे जागेपणीचे, दोन्ही एका वहीत लिही पण वेगवेगळ्या रकान्यात.