पेनड्राइव्ह लावला, पण सेटअप पुढं जाईना

सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम चालतं. इंजिनिअरिंगची मुलं लॅपटॉप घेऊन येतात, मार्केट यार्डातले अडते हळदीच्या धुळीनं पिवळा झालेला डेस्कटॉप गाडीवर घालून पाठवतात. बहुतेकांनी घरी विंडोज टाकायचा प्रयत्न केलेला असतो आणि मध्येच अडकलेले असतात. त्यांना मी पहिली गोष्ट सांगतो: स्क्रीनवर आलेल्या मेसेजचा मोबाइलवर फोटो काढा. "काहीतरी काळं येतंय आणि बंद पडतंय" एवढ्यावर फोनवरून मला काहीच सांगता येत नाही. मेसेजवरून मशीन कुठल्या टप्प्यावर थांबलंय ते कळतं, आणि ते कळलं की निम्मं काम झालं.

कशालाही हात लावण्याआधी डेटा बाहेर काढा. अडत दुकान असेल तर टॅलीचं (हिशेबाच्या प्रोग्रामचं) डेटा फोल्डर, घर असेल तर फोटो. लॅपटॉप अलीकडचा असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधी कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयींना धक्का लागला की मशीन ती की मागतं. तेव्हा ती नसेल, तर डिस्कवरचं काही परत मिळत नाही.

आता पहिला अडथळा. पेनड्राइव्ह लावलाय, तरी "नो बूटेबल डिव्हाइस" येतंय किंवा जुनंच विंडोज उघडतंय. आयएसओ फाइल (विंडोजचा अख्खा सेटअप असलेली एकच फाइल) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, ती रुफससारख्या प्रोग्रामनं लिहावी लागते, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं पेनड्राइव्ह बनवावा लागतो. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा, आणि लिहिताना त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं. मशीन कशावरून चालू करायचं ते निवडायची यादी म्हणजे बूट मेनू. मशीन चालू होताना दाबायचं त्याचं बटण कंपनीगणिक वेगळं असतं: एचपीला एफ ९, डेल आणि लेनोव्होला एफ १२, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरलाही एफ १२ आहे, पण बऱ्याच मॉडेलमध्ये ते बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावं लागतं. बटण पकडतच नसेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे मशीन खरोखर पूर्ण बंद होतं, आणि मग पुन्हा चालू करा.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर घाई करू नका. एका नावाआधी यूईएफआय (मशीन चालू होण्याची नवी पद्धत) लिहिलेलं असतं, दुसरं साधं, म्हणजे जुन्या पद्धतीचं असतं. लोक दिसेल ते निवडतात आणि पुढं डिस्क निवडायच्या पानावर सेटअप अडतो. यूईएफआयमधून आलात आणि डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोज म्हणतं, इथं बसणार नाही, जीपीटी पाहिजे. एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी आणि नवी पद्धत. साध्या नावानं आलात आणि डिस्क जीपीटी असेल तर बरोबर उलटा मेसेज. डिस्क बिघडलेली नसते, दोघांचा मेळ बसलेला नसतो. विंडोज ११ टाकायचं असेल तर यूईएफआय आणि जीपीटी हीच जोडी धरा.

डिस्कवर ठेवण्यासारखं काही उरलं नसेल तर सेटअपच्या पानावरच शिफ्ट आणि एफ १० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथं डिस्कपार्ट टाइप करून एंटर दाबा, मग लिस्ट डिस्क. इथं थांबून आकार वाचा. २५६ जीबीची एसएसडी २३८ दिसते, ५०० जीबीची हार्डडिस्क ४६५, १ टीबीची ९३१. शेवटच्या रकान्यात चांदणी (*) असेल तर ती डिस्क आधीच जीपीटी आहे. आपली डिस्क कुठली याची खात्री झाली की मगच ती सिलेक्ट करून क्लीन आणि कन्व्हर्ट जीपीटी. क्लीननं फक्त सी ड्राइव्ह जात नाही, त्या डिस्कवरचे डी आणि ई सुद्धा जातात. "डी मध्ये ठेवलं होतं की हो, दादा" असं म्हणत आलेल्या माणसाकडं बघवत नाही. जुनं विंडोज १० तसंच ठेवून डिस्क एमबीआरची जीपीटी करायची असेल तर एमबीआर-टू-जीपीटी नावाची कमांड विंडोजमध्येच आहे. तिच्यानं डेटा न पुसता काम होतं, तरी बॅकअप घेऊनच चालवा.

सगळ्यात जास्त घाबरवणारं पान म्हणजे डिस्कची रिकामी यादी. नवा लॅपटॉप, एसएसडी आत आहे, बायोसमध्ये दिसतेय, पण सेटअपमध्ये एक ओळसुद्धा नाही. माणसाला वाटतं एसएसडी गेली, आणि तो नवी विकत घ्यायला निघतो. थांबा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवा, तो उलगडून फोल्डर पेनड्राइव्हवर टाका आणि त्याच पानावर लोड ड्रायव्हर दाबून फोल्डर दाखवा. डिस्क लगेच यादीत येते. काही जण सरळ बायोसमध्ये व्हीएमडी बंद करतात. कोरं विंडोज टाकताना ते चालतं. पण आतलं जुनं विंडोज ठेवायचं असेल तर असं करू नका. ते निळ्या स्क्रीनवर "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणून अडून बसतं. तसं झालंच, तर सेटिंग पूर्ववत करा.

फाइली कॉपी होताना सेटअप मध्येच थांबतो, दर वेळी वेगळ्या टक्क्यावर आणि वेगळ्या आकड्याच्या एररनं? मग विंडोजच्या मागं लागू नका. आधी दुसरा पेनड्राइव्ह वापरून बघा, तरीही तेच झालं तर रॅमवर संशय घ्या. यार्डातल्या मशीनचं झाकण काढलं की पंख्याच्या पात्यांवर हळदीचा मऊ पिवळा थर दिसतो, आणि तीच पूड रॅमच्या खाचेत बसलेली असते. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या, ब्रशनं खाच साफ करा. रॅमचे सोनेरी दात साध्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा. सँडपेपर लावू नका, मुलामा निघतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

डेस्कटॉपची तारीख दर वेळी जुन्या सालावर जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. तो उतरला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात आणि काल चालू असलेलं विंडोज आज सापडत नाही.

जुन्या मशीनवर "या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही" असं आलं तर तो बूटचा दोष नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं नुसतं ब्राउझर आणि टायपिंग असणाऱ्यांना मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम सुचवतो. टॅलीवाल्यांना मात्र विंडोजच लागतं, त्यांनी जुन्या मशीनवर खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचा अडथळा इन्स्टॉल झाल्यानंतरचा. पहिल्या रीस्टार्टला सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर पेनड्राइव्ह काढा, मशीन परत त्याच्यावरूनच चालू होतंय. आणि डेस्कटॉपमध्ये नवी एसएसडी बसवून जुनी हार्डडिस्कही ठेवली असेल तर इन्स्टॉल करताना जुनीची केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज एसएसडीवर बसतं, पण बूटच्या फाइली कधीकधी जुन्या डिस्कवर जातात. सहा महिन्यांनी ती डिस्क बंद पडली की चांगल्या एसएसडीवरचं विंडोजही उघडत नाही. एसएसडीवरून मशीन एकदा नीट वर आलं की बंद करून केबल परत लावा, आणि बायोसच्या बूट यादीत विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आहे का ते बघा.